तुमच्या बोल्टांचा चिखल माझ्या दारात

प्रति,
पिंपरी-चिंचवड, चाकण आणि रांजणगाव पट्ट्यातल्या मोठ्या वाहन कारखान्यांचे परचेस विभागप्रमुख,
आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या पहिल्या फळीतल्या कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मी भोसरी एमआयडीसीत झिंक प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी भागांवर जस्ताचा थर चढवण्याचं, जॉबवर्क करते. नऊ माणसं, तीन बॅरल, एक रॅक लाइन, मागच्या बाजूला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा. तुमच्या गाड्यांतले बोल्ट, वॉशर, क्लिपा, छोटे ब्रॅकेट माझ्या बॅरलमध्ये गरगर फिरून चकचकीत होऊन निघतात. आपली ओळख असण्याचं कारण नाही. तुम्ही ज्याला ऑर्डर देता तो खालच्याला देतो, आणि तो मला. माझं नाव त्याच्या चलनावर असतं, तुमच्या यादीत नसतं.

घातक कचऱ्याच्या नियमांबद्दल काही म्हणायचं असेल तर लोक मंत्रालयाला लिहितात, नाहीतर प्रदूषण मंडळाला. त्यांना सांगण्यासारखंही माझ्याकडे आहे, ते पुढे येईल. पण कागदपत्रं सांभाळायला लागून मला आता चौदा वर्षं झाली. या काळात हळूहळू लक्षात आलं ते असं, की नियम दिल्लीत झाले असले तरी त्यांचं ओझं माझ्या डोक्यावर चढवलंय ते तुमच्या परचेस ऑर्डरनं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी हा चिखल म्हणजे काय ते सांगते. तुमच्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल.

बॅरल टाकीतून वर उचललं की बोल्टांना चिकटून थोडं द्रावण बाहेर येतं. ते धुण्याच्या पाण्यात उतरतं आणि त्याबरोबर जस्त, पॅसिव्हेशनचं (जस्तावर चढवायच्या संरक्षक थराचं) क्रोम, पिकलिंगच्या (गंज काढायच्या) ॲसिडात विरघळलेलं लोखंड असं सगळं उतरतं. हे पाणी तसंच गटारात सोडता येत नाही, आणि सोडूही नये. क्रोमचं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन त्याचा पीएच अडीचच्या आसपास आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. पिवळं पाणी डोळ्यादेखत हिरवं होतं. मग सगळ्या पाण्यात चुना. पीएच नऊकडे गेला की धातू गोळा होऊन ढगासारखे खाली बसतात. तो बसलेला गाळ पंपानं फिल्टर प्रेसमध्ये ढकलायचा. शनिवारी दुपारी प्रेसचं चाक सैल केलं, की एकेका प्लेटमधून थप्पकन वडी खाली पडते. काळपट हिरवी, कडेला तांबूस, हाताला गार. आमची माणसं तिला 'ढेप' म्हणतात, सरकीच्या ढेपेसारखी दिसते म्हणून. ढेप पिळून काढलेली असली तरी तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. उन्हाळ्यात शेडखाली पसरली की वाळून हलकी होते. जून ते सप्टेंबर वाळत नाही. विल्हेवाटीचे पैसे वजनावर असतात, तेव्हा पावसाळ्यात मी पाण्याचेही पैसे भरते.

महिन्याला साधारण चाळीस टन माल प्लेट होतो आणि त्यातून वर्षाला चारएक टन ढेप निघते. कायद्यात हिला 'प्लेटिंग मेटल स्लज' म्हणतात. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत बाराव्या क्रमांकाखाली ती आहे. ॲसिडची रिकामी कॅनं आणि तेलकट बोळे तेहतिसाव्या क्रमांकाखाली, बॅरलच्या गिअरबॉक्सचं जुनं तेल पाचव्याखाली. माझी शेड 'रेड' वर्गात, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत, मोडते. तेलशुद्धीकरण कारखानाही त्याच लाल रंगात. घरी कोणी पाहुणे आले की मी हे सांगते, तेवढीच ऐट.

नियम चुकीचे आहेत असं म्हणणारी मी नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८८ मध्ये ही शेड घेतली. पुढच्याच वर्षी, भोपाळनंतर झालेल्या पर्यावरण कायद्याखाली, घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले. अण्णांना ते कळायला दहा वर्षं गेली. तोवर शेडमागच्या ओढ्यात पिवळं पाणी जायचं. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन यायचे तेव्हा त्याला हळदीचं पाणी म्हणायचे. गाळ साचला की एक ट्रॅक्टरवाला यायचा आणि कुठेतरी भरावात टाकून यायचा. कुठे, ते अण्णांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्या काळी अण्णा हार्ड क्रोमचंही काम करत. त्या टाकीवर एक मामा होते, त्यांच्या नाकाचा आतला पडदा आरपार गेला होता. हेक्साव्हॅलंट क्रोमच्या, म्हणजे क्रोमच्या विषारी रूपाच्या, वाफेनं असं होतं हे प्लेटिंगवाल्यांना जगभर ठाऊक आहे. मामा मात्र ती गंमत म्हणून दाखवायचे. एका नाकपुडीतून काडी घालून दुसरीतून काढायचे. आम्ही पोरं हसायचो. तेव्हा आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो, हे लपवत नाही.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्याच्या गाळानं विहिरींचं पाणी लाल करून टाकलं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली 'प्रदूषण करेल त्यानं भरपाई द्यावी' हे तत्त्व ठामपणे लावलं. तमिळनाडूत रानीपेटला, कानपूरकडे रानिया-खानचंदपूरला क्रोमच्या कचऱ्याचे ढीग कारखाने बंद पडून किती वर्षं झाली तरी पाणी नासवत राहिले. तेव्हा माझ्या ढेपेवर सरकारची नजर हवीच.

मला छळतो तो प्रश्न बिछडीच्या तत्त्वातलाच आहे. प्रदूषण करणारा कोण? नियमांत त्याला 'ऑक्युपायर' म्हटलंय. जागा ज्याच्या ताब्यात आणि कचरा ज्याच्या ताब्यात, तो. बोल्ट तुमचा, त्याचं ड्रॉइंग तुमचं, त्यावर किती मायक्रॉन जस्त हवं तो आकडा तुमचा, पिवळं पॅसिव्हेशन हवं की निळं तेही तुमचंच. पण ऑक्युपायर मी.

एके काळी मोठ्या कारखान्यांत स्वतःची प्लेटिंग शॉप होती. आमच्याकडचे जुने फोरमन तशाच एका शॉपमधून आलेले. हळूहळू ती शॉप बंद झाली, काम बाहेर गेलं. खर्च कमी, कटकट कमी. काम बाहेर गेलं तसा चिखलही बाहेर आला, मात्र त्याचा खर्च कोणत्या रकान्यात गेला हे कोणी पाहिलं नाही. तुमच्या गेटवर आज हिरव्या पाटीवर झाडं आणि आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक लिहिलेलं असतं. त्याच मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत बाहेरून करून घेतलेल्या प्रक्रियांवरही नियंत्रण किंवा प्रभाव ठेवायला सांगितलंय. तो प्रभाव माझ्यापर्यंत येतो तो असा.

दर वर्षी एक ऑडिटर येतात. मागे एकदा आलेले तरुण होते, नम्र होते. त्यांनी ऑथोरायझेशन, म्हणजे घातक कचरा हाताळायची मंडळाची परवानगी, मागितलं, मी दिलं. मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्या कागदांची, फाइल मागितली, तीही दिली. फोटो काढले, यादीवर टिक केली, चहा घेतला, गेले. तीन आठवड्यांनी त्याच कंपनीच्या परचेसकडून मेल आला, की या वर्षी दर तीन टक्के खाली आणावा. मी लिहिलं की विल्हेवाटीचा खर्च वाढलाय, दरात त्याची वेगळी ओळ द्या. उत्तर फोनवर आलं, "मॅडम, ते तुमच्या ओव्हरहेडमध्ये धरा." पुढच्या वर्षी त्यातलं निम्मं काम दुसऱ्या शेडला गेलं. त्यांचा दर माझ्यापेक्षा कमी होता. त्यांच्या शेडमध्ये फिल्टर प्रेस आहे. मी पाहिलाय. त्यावर धूळ आहे.

आता नियमांचं कामकाज. तुमच्या कारखान्यात यासाठी पर्यावरण विभाग असतो, माझ्याकडे मी आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ऑथोरायझेशनचा अर्ज फॉर्म एक. रोज किती गाळ निघाला, किती साठवला, किती दिला याची नोंद फॉर्म तीन. वर्षाचा हिशोब फॉर्म चार, ३० जूनच्या आत. गोणीवर लावायचं लेबल फॉर्म आठप्रमाणे. गाडीवाल्याजवळ द्यायचं आपत्कालीन पत्रक फॉर्म नऊ. आणि मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म दहा, सात प्रतींचा, प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी मंडळाला, पिवळी मी ठेवायची, गुलाबी माल घेणाऱ्याची, नारिंगी गाडीवाल्याची, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी घेणाऱ्याकडून परत मला, आणि राखाडी माल परराज्यात गेला तर. आता बरंचसं पोर्टलवर झालंय, पण रंग डोक्यात बसलेत. निळी प्रत परत आली म्हणजे माझा चिखल जिथे जायला हवा तिथे पोचला. ती येईपर्यंत मला नीट झोप लागत नाही, आणि यात कौतुकाचं काही नाही. गाडी वाटेत कुठे रिकामी झाली तर गोणीवर लेबल माझं आहे.

कागदांचा मला फार त्रास नाही. बाईला घरखर्चाची वही लिहायची सवय असते, त्यातलाच हा प्रकार. खरा त्रास दिवसांचा आणि गाडीचा आहे.

नियम आठप्रमाणे घातक कचरा नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. नव्वद दिवसांत माझ्याकडे जेमतेम एक टन जमतो. परवानाधारक गाडी एक टनासाठी निघाली तरी पूर्ण फेरीचे पैसे घेते, आणि तिचं तरी काय चुकलं? डिझेल तेवढंच जळतं. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा करणाऱ्या छोट्यांना ही मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते, पण 'मिळू शकते' एवढंच, आपोआप नाही. त्यासाठी अर्ज, त्याचा पाठपुरावा. एका वर्षी मुदतवाढीचं पत्र हातात पडलं तेव्हा ज्या चिखलासाठी ते मागितलं होतं तो जाऊन महिना झाला होता.

माझा माल रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाटीच्या सामाईक सुविधेत जातो. राज्यात अशा सुविधा तळोजा, महापे, बुटीबोरी अशा मोजक्या ठिकाणी आहेत. तिथे आधी नमुना तपासतात, मग चुना-सिमेंटसारखं काही मिसळून गाळातले धातू बांधून टाकतात, आणि खाली चिकणमाती व प्लॅस्टिकचे थर असलेल्या खड्ड्यात पुरतात. काम चोख आहे. पण सभासदत्वाचे पैसे, तपासणीचे पैसे, गाडीचे पैसे हे चार टनवाल्याला आणि चारशे टनवाल्याला थोड्याफार फरकानं सारखेच पडतात. छप्पर असलेली, पक्क्या फरशीची, बांध घातलेली साठवणखोली दोघांनाही बांधावी लागते. कन्सल्टंट दोघांकडूनही फी घेतो. खर्च असा जागच्या जागी उभा राहतो आणि माल कमी असेल तितका किलोमागे अंगावर येतो. छोट्यांवर नियमाचा भार जास्त का पडतो याचं कारण एवढंच आहे; नियम लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

माझ्या वहीतला आकडा सांगते. गेल्या वर्षी चार टनांच्या विल्हेवाटीला सगळं धरून सुमारे ९० हजार रुपये गेले. त्यातले निम्म्याहून जास्त चिखलाचे नव्हते, फेरी, सभासदत्व आणि तपासणीचे होते. ४८० टन मालावर ते वाटले तर किलोमागे १९ पैसे. वीस ग्रॅमचा एक बोल्ट धरला तर अर्धा पैसासुद्धा नाही. ईटीपीची रसायनं, वीज, तिथला माणूस हे वेगळं, ते किलोला रुपयाच्या घरात जातं.

अर्धा पैसा. एवढ्यासाठी पत्र कशाला, असं वाटेल. पण जॉबवर्कमध्ये नफाच किलोला रुपया-दीड रुपया सुटतो, आणि तुम्ही दर वर्षी तीन टक्के कापता ते त्यातूनच. त्यात बिल ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो, ते माझ्या साखळीत कुणी मनावर घेतल्याचं मला आठवत नाही. पैसे नव्वदाव्या दिवशी येतात. चिखल मात्र नव्वदाव्या दिवशी गेलाच पाहिजे.

आता त्या टेंपोवाल्याबद्दल. नाव-गाव लिहीत नाही, मला ते माहीतही नाही. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, दुपारी चहाच्या वेळेला, शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तीनशे रुपये गोण. कागद नको, काही नको. रात्री येतो." ऑगस्टचा महिना, साठवणखोलीत ओल्या ढेपेच्या तीस गोण्या, मुदत संपायला अकरा दिवस, आणि गाडीवाला म्हणत होता की इतक्या कमी मालाला तो महिनाअखेरीशिवाय येणार नाही. कायद्याच्या वाटेनं मला गोणीमागे नऊशे पडतात. टेंपोवाला ते सगळं हिशोब करूनच आला होता. माझा सुपरवायझर माझ्याकडे पाहत होता.

मी नाही म्हटलं. फार मोठं धैर्य दाखवलं असं नाही. मला तो ओढा आठवला, हे खरं. पण त्याहून जास्त भीती आठवली. आधी पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून, तिच्या जागी १० हजार ते १५ लाखांचा दंड आला. वर्तमानपत्रांनी त्याला उद्योगांना दिलासा म्हटलं. १५ लाख तुम्हाला दिलासा असेल. माझं ते दोन-तीन वर्षांचं उत्पन्न आहे.

टेंपोवाला पुढच्या गल्लीत गेला. रिकामा परतला असेल असं मला वाटत नाही. आसपास बंद पडलेल्या दगडखाणी कमी नाहीत. आणि आळंदीला इंद्रायणीवर फेस आला, बातम्यांत फोटो आले, की सगळ्यांची बोटं छोट्या कारखान्यांकडे वळतात. त्या फेसात घरोघरच्या साबणाचं, न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं किती आणि आमचं किती, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. माझी सासू आळंदीची. ती मला विचारते, "तुमचंच का गं हे?" मी म्हणते, माझं नाही. आमच्या धंद्याचं मुळीच नाही, असं म्हणायला मात्र जीभ वळत नाही.

गंमत अशी, की 'ज्यानं माल बाजारात आणला त्यानं शेवटपर्यंत निस्तरावं' ही कल्पना आपल्या देशाला नवी राहिलेली नाही. टायरवाल्यांवर ती जबाबदारी २०२२ मध्ये आली, बॅटरीवाल्यांवरही त्याच वर्षी. वंगणतेलवाल्यांवर वापरलेल्या तेलाची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. टायर आणि तेलाची कलमं तर याच २०१६ च्या नियमांत दुरुस्ती करून घातली आहेत. म्हणजे तुमच्या गाडीचं टायर जुनं झालं, तेल काळं झालं, बॅटरी बसली, तर विचारायला कोणीतरी मोठा आहे. त्याच गाडीच्या बोल्टावर थर चढवताना निघालेल्या चिखलाला विचारणारी मी एकटी.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सर्वांत मोठ्या २५० नोंदणीकृत कंपन्यांनी पुरवठा साखळीतल्या पर्यावरणाची माहितीही द्यावी असं ठरवलं, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. नंतर ते ऐच्छिक झालं, आणि साखळीत मोजायचा तो ज्याचा खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा जास्त वाटा आहे तोच. मी दोन टक्के व्हायला मला किती जन्म लागतील याचा हिशोब मी केलेला नाही.

आता मागणं. तीन गोष्टी आहेत, एक मोठी आणि दोन बारक्या.

मोठी गोष्ट तुमच्याच भाषेतली आहे. तुमच्याकडे 'मिल्क रन' नावाची पद्धत आहे. गवळ्यासारखी एक गाडी ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेनं दहा पुरवठादारांकडे जाते, प्रत्येकाकडून थोडा थोडा माल उचलते आणि भरून तुमच्या गेटवर येते. कोणाकडेही साठा पडून राहत नाही, गाडी अर्धी धावत नाही. पुण्याच्या परचेसवाल्यांना हे शिकवायची गरज नाही. मग चिखलाचा मिल्क रन का नाही? तुमच्या स्वतःच्या कारखान्यांचा घातक कचरा परवानाधारक गाड्यांतून रांजणगावलाच जातो. अशीच एक गाडी महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी तुमच्या साखळीतल्या भोसरी-चाकणच्या प्लेटिंगवाल्यांकडे फिरवा. दहा शेडचे दहा मॅनिफेस्ट होतील, दहा वेळा वजन होईल, दहा सह्या होतील. होऊ देत, सह्या करायला आम्ही बसलोयच. फेरीचा खर्च दहा जणांत वाटला गेला की माझे ९० हजार कितीवर येतील हे तुमचा कोणताही कॉस्टिंगवाला पाच मिनिटांत काढून देईल. लुधियानात सायकलचे भाग प्लेट करणाऱ्या छोट्या शेडचं सांडपाणी टँकरनं गोळा करून सामाईक केंद्रावर नेतात. तिथे पाणी फिरवतात, इथे गोण्या फिरवायच्या आहेत, गोण्या सोप्या.

मंडळाला माझं सांगणं यातूनच निघतं: दहा टनांखालच्या छोट्यांना एकशे ऐंशी दिवस अर्जाशिवाय द्या, आणि अशा एकत्र फेऱ्यांचं वेळापत्रक कोणी घेऊन आलं तर त्याला आडवं लावू नका. मुदत देताय म्हणून ढिलाई करा असं मी म्हणत नाही. उलट धूळ बसलेले फिल्टर प्रेस तपासायला जरूर या. वीजबिल बघा, चुन्याची खरेदी बघा. ज्या शेडमध्ये वर्षभर चुनाच घेतलेला नाही तिथे पाणी कशानं शुद्ध होतं हे विचारा.

दुसरी गोष्ट, परचेस ऑर्डरमध्ये विल्हेवाटीची वेगळी ओळ. किलोला वीस पैसे लिहा. आणि निळी प्रत दाखवल्याशिवाय ते देऊ नका. ज्याच्याकडे निळी प्रत नाही त्याचा दर कमी का आहे, ते तुम्हाला त्याच दिवशी कळेल.

तिसरी तुमच्या डिझाइनवाल्यांसाठी. माझ्या रॅक लाइनच्या शेवटी दोन छोट्या टाक्या शेजारी शेजारी आहेत. एकीत ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी विषारी क्रोमचं, पॅसिव्हेशन, दुसरीत जुनं पिवळं हेक्साव्हॅलंट. युरोपीय संघानं मोटारींच्या भागांवरच्या गंजरोधक थरातून हेक्साव्हॅलंट क्रोम २००७ च्या जुलैपासून हद्दपार केलं, म्हणून निर्यातीचा माल पहिल्या टाकीत जातो. इथल्या गाडीचा माल दुसऱ्या टाकीत, कारण ड्रॉइंगवर अजून 'यलो' लिहिलेलं आहे. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की हे ड्रॉइंग जुनं आहे, त्याला हात लावायचा तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागेल. माझ्या चिखलात किती विष असेल हे त्या एका शब्दावर ठरतं. माझ्याकडे टाकीवर काम करणारा मुलगा बावीस वर्षांचा आहे. नाकात काडी घालून दाखवणारे मामा त्यानं पाहिलेले नाहीत, आणि त्याला ते दाखवायची वेळ माझ्यावर येऊ नये. ड्रॉइंगवरचा तो शब्द बदला. ट्रायव्हॅलंट महाग पडतं, मला माहीत आहे. किती महाग पडतं तेही मी लिहून देईन.

यातलं काही पटलं नाही तर वाद घालायला मी तयार आहे, पण वाद शेडमध्ये घालू. तुमचे ऑडिटर येतात ते मंगळवारी-बुधवारी, सकाळी अकराला, फाइल बघायला. तुम्ही शनिवारी या. दुपारी तीननंतर प्रेस उघडतो. गेल्या आठवड्यात तुमच्याच बोल्टांचा लॉट होता, तेव्हा या शनिवारी पडेल ती ढेप तुमची आहे. एक गोण स्वतः भरा, काट्यावर ठेवा, लेबल चिकटवा. हातमोजे आणि मास्क मी देते. बूट मात्र जुने घालून या.

आपली,
भोसरीतली एक प्लेटिंगवाली